हिवाळी पक्षीनिरीक्षण : आपल्याच तालुक्याची वार्षिक यादी

बोडीकाठ (भंडारा जिल्हा)

नमस्कार. येत्या 1 जानेवारीपासून स्वतःची वार्षिक यादी सुरू करू पाहणाऱ्या आणि विदर्भातल्या खेड्यापाड्यांत राहणाऱ्या निरीक्षकांसाठी हा धागा उघडत आहे. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात आपण स्वतः पाहिलेल्या, किंवा आवाजावरून खात्रीने ओळखलेल्या पक्ष्यांच्या जातींची नोंद म्हणजे वार्षिक यादी, एवढी साधी व्याख्या मी धरतो. माझे म्हणणे असे आहे की ही यादी आपल्या तालुक्याच्या हद्दीतच करावी, त्याच त्या तलावांवर आणि वावरांत पुन्हा पुन्हा जाऊन करावी, आणि पक्ष्याच्या नावाइतकाच मान तारखेला आणि संख्येला द्यावा.

सुरुवात जानेवारीत होते म्हणून पहिल्या आठवड्यात दिसेल ते सगळे लिहून काढण्याकडे बहुतेकांचा कल असतो. त्यात गैर काही नाही, परंतु साळुंकी, टिटवी, वेडा राघू आणि भारद्वाज वर्षभर कुठे जाणार नाहीत, ते आपोआप यादीत येतील. हिवाळी पाहुण्यांचे तसे नाही. वर्ष जानेवारीत बदलत असल्यामुळे एक हिवाळा दोन वर्षांत विभागला जातो, आणि आपल्या यादीच्या वाट्याला सरत्या हिवाळ्याचा उत्तरार्ध व पुढच्या हिवाळ्याचा पूर्वार्ध येतो. जानेवारी ते मार्चमध्ये जे हुकले त्यासाठी थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरची वाट पाहावी लागते, आणि पट्टकादंबासारखा (हिमालयापलीकडून येणारा हंस) पक्षी उशिरा उतरला तर डिसेंबरही संपत येतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतला वेळ पाणवठ्यांना, गवताळ पडीक जमिनींना आणि पानगळीच्या रानाला द्यावा, गावातल्या पक्ष्यांची काळजी करू नये.

आमच्या भागात पाणवठा म्हणजे मामा तलाव, अर्थात माजी मालगुजारी (जमीनदारी) तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आणि बोड्या (लहान तळी) आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यांतले कितीतरी बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरेने सांगितले जाते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीची जुनी घडी मोडली, हा स्वतंत्र विषय आहे. पक्षीनिरीक्षकाच्या दृष्टीने या तलावांचे मोल त्यांच्या उथळ काठात आहे.

जानेवारीपासून पाणी ओसरू लागले की काठावर एकामागून एक पट्टे उघडे पडतात, आणि प्रत्येक पट्ट्याचे रहिवासी वेगळे असतात. मधल्या खोल पाण्यात लालसरी आणि शेंडी बदक बुड्या मारतात. गुडघाभर पाण्यात तलवार बदक, थापट्या आणि गडवाल शेपूट वर करून चरतात. ओल्या चिखलावर टिलवे आणि तुतवार असतात, देवधानाच्या वाळक्या गवतात पाणलावा दबून बसतो आणि कोरड्या गाळावर धोबी धावतात. घाईने पाळीवरून चालत गेल्यास बदके उडतात आणि बाकीचे दिसतच नाहीत. पाळीखाली एका जागी अर्धा तास बसावे, सूर्य पाठीशी घ्यावा आणि दुर्बीण काठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावी. चिखलावरचा लहानसा करडा पक्षी टिलवा आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पाय काळे असतील तर तो छोटा टिलवा, पाय पिवळसर आणि छाती एकसारखी करडी असेल तर टेमिंकचा टिलवा. पायांना चिखल लागलेला असतो, त्यामुळे तो पाण्यात जाऊन बाहेर येईपर्यंत थांबावे लागते, आणि हे थांबणे मला या छंदातले सर्वांत आनंदाचे काम वाटते.

आपापल्या भागातील अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

धुऱ्यावरून (अकोला जिल्हा)

बोडीकाठ भाऊ, धागा चांगला काढला. आमच्याकडे मामा तलाव नाहीत. काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, हरभरा, आणि मध्ये कुठे पाझर तलाव किंवा धरणाचा फुगवटा, असा सगळा मुलूख आहे. कापशीचा तलाव आणि काटेपूर्णा येथे निरीक्षक जातात. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराला 2020 मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाल्यापासून तिकडचीही वर्दळ वाढली आहे. परंतु या ठिकाणांच्या नोंदी भरपूर होतात. माझ्या गावामागच्या पाझर तलावाची नोंद मी केली नाही तर कोणीच करणार नाही, म्हणून तालुक्याचा आग्रह मला पटतो.

पश्चिम विदर्भातल्या हिवाळ्याचे खरे वैभव भोवत्यांमध्ये आहे. हरभऱ्यावरून आणि पडीक गवतावरून, जमिनीपासून हातभर उंचीवर, पंख किंचित वर उचलून डुलत जाणारा हा शिकारी पक्षी कास्तकारांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. तो नाकतोडे आणि उंदीर टिपतो, त्यामुळे त्याच्या येण्याने कोणाचे नुकसान होत नाही. यादीसाठी मात्र तो कठीण आहे. दलदली भोवत्याची मादी गडद तपकिरी, डोके मळकट पांढरे, ती ओळखता येते. राखाडी नरांपैकी पंखावर काळी आडवी रेघ असलेला माँटेग्यूचा, आणि पंखाच्या टोकाशी फक्त अरुंद काळी पाचर असलेला पांढुरका भोवत्या. अडचण येते ती या दोन जातींच्या माद्यांची आणि पिल्लांची. दोघीही तपकिरी, दोघींच्याही शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. कानामागच्या गडद डागाच्या मागे फिकट गळपट्टा स्पष्ट दिसला तर पांढुरका म्हणावे, आणि तोही पक्षी जवळून, चांगल्या उजेडात गेला असेल तरच.

एरवी मी ‘पांढुरका किंवा माँटेग्यू’ एवढेच लिहितो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशी जोडनोंद करण्याची सोय आहे. ती यादीचा आकडा वाढवत नाही, परंतु नोंद खरी राहते. एका हंगामात नर दिसतोच, तेव्हा आकडाही मिळतो. संध्याकाळी हे पक्षी गवताळ जमिनीवर समूहाने मुक्कामाला उतरतात. ती जागा सापडली तर अंधार पडण्याआधी दूरवरून मोजावे आणि गवतात शिरू नये.

पाटी-पेन्सिल (वर्धा जिल्हा)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि या विषयात नवीन आहे. तीन शंका आहेत. केवळ आवाज ऐकलेला पक्षी यादीत धरावा का? मोबाइलवरच्या मर्लिन अ‍ॅपने आवाज ऐकून सुचवलेले नाव ग्राह्य मानावे का? आणि दुर्बीण कोणती घ्यावी? आमच्या शाळेच्या आवारातल्या चिंचेवर डिसेंबरपासून एक बारीक माशीमार रोज येतो, शेपटी वर झटकतो आणि ‘टिर्र’ असा आवाज करतो. मुलांनी त्याच्या येण्याच्या वेळा लिहून ठेवल्या आहेत, परंतु त्याचे नाव ठरत नाही.

बोडीकाठ (भंडारा जिल्हा)

ताई, आवाजावरून ओळखलेला पक्षी अवश्य धरावा, फक्त ओळख तुमची स्वतःची असावी. पिंगळा, रातवा, तित्तिर हे बरेचदा ऐकूनच कळतात. मर्लिनचे सुचवलेले नाव हा शोधाचा आरंभ मानावा. अ‍ॅपने नाव दाखवले की त्या दिशेला पाहावे, पक्षी दिसला किंवा आवाज ओळखीचा झाला तरच लिहावे. दुर्बीण 8 पट आणि 42 मिलिमीटर भिंगाची घ्यावी. 10 पटीची दुर्बीण हातात अधिक हलते आणि पहाटेच्या धुक्यात नवशिक्याला पक्षी सापडत नाही.

तुमचा माशीमार लाल कंठाचा असावा किंवा तैगा माशीमार असावा. दोघेही हिवाळ्यात आपल्याकडे येतात, आणि मादी किंवा पहिल्या वर्षाचा पक्षी असेल तर कंठाचा रंग कामी येत नाही. चोचीच्या खालच्या भागाकडे पाहा. तो मुळाशी फिकट असेल तर लाल कंठाचा, आणि संपूर्ण चोच काळी असून शेपटीच्या मुळावरची पिसे शेपटीहूनही गडद काळी असतील तर तैगा. चिंच शाळेतच आहे आणि पक्षी रोज येतो, म्हणजे घाई करण्याचे कारण नाही. मुलांनी वेळा लिहून ठेवल्या, हे तर फारच उत्तम झाले. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक परसबागेतील पक्षीगणना असते आणि भारत 2013 पासून तिच्यात सहभागी आहे. किमान 15 मिनिटे एका जागी थांबून दिसलेले सर्व पक्षी मोजायचे, एवढीच अट आहे. शाळेच्या आवारात ती सहज होईल.

सातपुडा-पायथा (अमरावती जिल्हा)

धाग्यातल्या मूळ भूमिकेशी माझा अर्धा मतभेद आहे. तालुक्यातच राहिलात तर डोळा एकाच प्रकारच्या अधिवासाला सरावतो. ज्याच्या तालुक्यात साग-बांबूचे रान नाही त्याने वर्षातून एकदा तरी मेळघाटाच्या बाजूला यावे, आणि ज्याच्याकडे मोठे पाणी नाही त्याने इटियाडोहाला किंवा नवेगावबांधला जावे. नीलांग, कस्तूर, पर्णवटवटे हे हिवाळ्यात रानात उतरणारे पक्षी तलावाच्या पाळीवर बसून कळणार नाहीत. दोन याद्या ठेवाव्यात, एक तालुक्याची आणि एक सगळीकडची. मला त्यात विरोध दिसत नाही.

तारखेच्या आग्रहाला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्याचे कारण आमच्या रानातल्या रानपिंगळ्याच्या इतिहासात आहे. ह्यूम या पक्षीअभ्यासकाने 1873 मध्ये या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 1884 नंतर त्याचा खात्रीचा नमुना कोणालाच मिळाला नाही, आणि तो नामशेष झाला असावा असे मानले जाऊ लागले. ब्रिटिश संग्रहातल्या एका पेंढा भरलेल्या नमुन्यावर मात्र 1914 ही तारीख आणि गुजरातमधल्या मांडवीचे नाव होते. तो नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या गृहस्थाने दिलेला. या नोंदीच्या भरवशावर शोध घेणारे चुकीच्या जागी शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी तपासणी केली, तेव्हा उघड झाले की तो पक्षी डेव्हिडसन या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळवलेला होता. तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतल्यावर नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. त्यानंतर तो मेळघाटातही आढळला.

एका चिठ्ठीवरच्या खोट्या तारखेने आणि गावाने हे घडू शकते. आपल्या वहीत ‘जानेवारीत कधीतरी, चिखलदऱ्याच्या बाजूला’ असे लिहिण्याने तेवढी हानी होणार नाही, परंतु पन्नास वर्षांनी ती नोंद कोणाच्या उपयोगीही पडणार नाही. रानपिंगळा दिवसा वावरतो आणि थंडीच्या सकाळी निष्पर्ण फांदीवर उन्हात बसतो, त्यामुळे धीर धरणाऱ्याला तो दिसतो. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. आवाज ऐकून तो हद्द राखायला येतो, त्याचे अन्न शोधणे थांबते, आणि आठवडाभर रोज कोणी ना कोणी हे करत असेल तर त्याचे काय होत असेल याचा विचार करावा.

पाणकणीस (गोंदिया जिल्हा)

सातपुडा-पायथा यांनी आवाज वाजवण्याविषयी लिहिले ते योग्यच आहे. मी जागेविषयी लिहितो. महाराष्ट्रात सारस पक्षी टिकून आहे तो मुख्यतः आमच्या जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठावर. तो स्थानिक आहे, हिवाळी पाहुणा नाही, परंतु पावसाळ्यात वीण झाल्यावर हिवाळ्यात जोडपे पिल्लाला घेऊन कापणी झालेल्या बांध्यांत उतरते, त्यामुळे या दिवसांत तो सहज दिसतो. कोणाच्या वावरात दिसला हे जाहीर ठिकाणी लिहू नये. छायाचित्र काढण्यासाठी गाड्या बांध्यांपर्यंत येतात, लाखोरीचे पीक तुडवले जाते आणि ज्या कास्तकाराने आजवर पक्ष्याला सांभाळले त्याच्याच मनात पक्ष्याविषयी नाराजी निर्माण होते. यादीत नाव लिहावे, संख्या लिहावी, गाव मात्र आपल्या वहीत ठेवावे. कास्तकाराला विचारल्याशिवाय धुऱ्यावर पाय ठेवू नये. विचारले तर तो स्वतःहून सांगतो की जोडी सकाळी कोणत्या बाजूने येते.

दुसरी गोष्ट जाळ्यांची. मासेमारीची जाळी आणि पक्ष्यांची जाळी यांतला फरक निरीक्षकाने शिकून घ्यावा. ढिवर बांधवांची जाळी पाण्यात असते. सायंकाळी काठावर, बांबूंच्या आधाराने उभी ताणलेली बारीक जाळी दिसली तर ती अडई आणि चक्रांग बदकांसाठी आहे असे समजावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. स्वतः वाद घालू नये, जागा आणि वेळ टिपून वनविभागाला कळवावे. आमच्याकडे एका तलावावर मासेमारी संस्थेच्या लोकांनीच अशी जाळी काढायला लावली, कारण त्यात त्यांचीही जाळी गुंतत होती. ज्यांचा दिवस पाण्यावर जातो त्यांच्याशी आपली ओळख असली तर हे होते.

जुनोनाकाठ (चंद्रपूर जिल्हा)

थोडक्यात भर घालतो. इरई धरणाच्या काठावर आणि आमच्या बाजूच्या काही तलावांवर हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात. लडाख, तिबेट आणि मंगोलिया येथे वीण करणारे हे हंस हिमालय ओलांडून येतात. रात्री आणि पहाटे ते पिकांत चरतात, दिवसा पाण्याकाठी विसावतात, म्हणून सकाळी नऊनंतर ते मोजायला सोपे असतात. थव्यातल्या प्रत्येकाची मान दुर्बिणीतून पाहावी. मंगोलियात मानेला रंगीत पट्टा घातलेले पक्षी भारतात आढळले आहेत. पट्ट्याचा रंग आणि त्यावरची अक्षरे टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावीत. यादीत त्याने एकाचीही भर पडत नाही, तरीही मला ती नोंद दहा नव्या जातींहून मोलाची वाटते.

एक प्रश्न विचारतो. यंदा परतीचा पाऊस चांगला झाला, तलाव तुडुंब आहेत, आणि तरीही बदके कमी दिसतात. असे का व्हावे?

बोडीकाठ (भंडारा जिल्हा)

जुनोनाकाठ भाऊ, पाणी जास्त म्हणूनच कमी दिसतात. भरल्या वर्षी प्रत्येक बोडीत आणि खोलगट बांधीत पाणी असते, त्यामुळे बदके विखुरतात, आणि तुडुंब तलावाला उथळ काठ उरत नसल्याने वरवर चरणाऱ्या बदकांना तेथे अन्न मिळत नाही. पाणी ओसरत जाईल तसे फेब्रुवारीत ती मोजक्या तलावांवर गोळा होताना दिसतील. कोरड्या वर्षी उलटे घडते, डिसेंबरातच एका तलावावर गर्दी होते आणि बदके वाढली असा आपला समज होतो. म्हणून एका तलावाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, तालुक्यातले तीन-चार तलाव एकाच आठवड्यात मोजावेत. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते ती याच कारणासाठी, ठरलेल्या वेळी अनेक ठिकाणी एकदम मोजता यावे म्हणून. ज्या तलावात बेशरम आणि जलपर्णी माजली आहे तेथे पाणी असूनही बदके उतरत नाहीत, तेही वहीत लिहावे. पक्षी न दिसल्याची नोंदही नोंदच आहे.

सातपुडा-पायथा यांची दोन याद्यांची सूचना मी स्वीकारतो. फक्त एक अडचण सांगून ठेवतो. ई-बर्ड जिल्ह्याची आणि राज्याची यादी आपोआप काढून देते, तालुका तिला ठाऊक नाही. आपल्या ठरावीक ठिकाणांचा एक गट तेथे करता येतो, किंवा सरळ वही ठेवावी. मी वहीत प्रत्येक जातीसमोर दोन रकाने ठेवतो, वर्षातले पहिले दर्शन आणि मार्च-एप्रिलमधले शेवटचे. पहिले दर्शन सगळेच लिहितात. शेवटचे लिहायचे असेल तर पक्षी यादीत आल्यानंतरही रोज पाहत राहावे लागते. आमच्या गोठ्यापाशी येणारा कृष्ण थिरथिरा कोणत्या दिवसापासून दिसेनासा झाला, हे असेच कळते.

धुऱ्यावरून (अकोला जिल्हा)

शेवटच्या दर्शनाचा रकाना मीही या वर्षी आखतो. त्याला जोडून दोन काळ सुचवतो, जे दोन्ही टोकांना निसटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलतात तेव्हा परतीच्या वाटेवरच्या भोरड्या शेकड्यांनी झाडावर उतरतात, आणि गव्हा-ज्वारीच्या वावरांत काळ्या डोक्याच्या भारीटांचे थवे असतात. याच सुमारास भुवई बदकेही वाढतात. हे दिवस परीक्षा आणि लग्नसराईचे असल्यामुळे निरीक्षक घरी असतात. दुसरा काळ ऑगस्ट-सप्टेंबरचा. पाऊस चालू असतानाच हिरवा तुतवार आणि ठिपकेवाला तुतवार नाल्याकाठी येऊन पोहोचतात, मागोमाग धोबी आणि तपकिरी खाटिक येतात, आणि आपण मात्र थंडी पडल्यावर दुर्बीण काढतो.

नोव्हेंबरमध्ये आकाशाकडे पाहावे. ईशान्येकडून आफ्रिकेकडे जाणारे अमूर ससाणे त्या दिवसांत मध्य भारतावरून जातात, आणि आपल्या तालुक्यावरून गेलेच तर ते एखाद्या सकाळपुरते असतात. राज्याचा पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबर असतो, त्या आठवड्यात शाळांतूनही पक्षी पाहणारे डोळे पुष्कळ असतात. पाटी-पेन्सिल ताई, तुमच्या मुलांना त्या आठवड्यात सकाळच्या प्रार्थनेआधी दहा मिनिटे वर पाहायला सांगता येईल का? तारांवर ओळीने बसलेले, लाल पायांचे लहान ससाणे दिसले तर येथे त्याच दिवशी कळवावे, म्हणजे शेजारच्या तालुक्यांतले आम्ही सर्वजण बाहेर पडू.

पाटी-पेन्सिल (वर्धा जिल्हा)

नक्की करू. आज चिंचेवरचा पक्षी जवळून पाहता आला. चोच खालून मुळाशी फिकट आहे, म्हणजे लाल कंठाचा माशीमार. आमच्या यादीत त्याच्यासमोर आजची तारीख लिहिली आहे, आणि शेवटच्या दर्शनाचा रकाना मुलांनी मोकळा ठेवला आहे.